आईच्या हातावर गजरा, माझ्या हातावर डांबरगोळी : अत्तर अंगावर बदलतं ते कशामुळे?

चाफेकळी (शनिवार, रात्री १०:१२)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून आठवडाभर वाद चाललाय, म्हणून इथे टाकतेय.

गेल्या रविवारी आईला घेऊन मोहम्मद अली रोडला गेले होते. तिला मोगऱ्याचं अत्तर हवं होतं, "फुसफुस करायचं नको, काचेच्या दांडीचं." दुकानातल्या चाचांनी कागदाच्या पट्टीवर लावून दिलं, आम्ही दोघी खूश. चारशे रुपये तोळा. अर्धा तोळा तिला, अर्धा मला. तिथेच दोघींनी मनगटाला लावलं आणि मस्जिदला ठाणे गाडी पकडली. कुर्ला येईपर्यंत माझ्या हाताला चक्क डांबरगोळ्यांचा वास! आजीची लोखंडी ट्रंक उघडली की यायचा ना, अगदी तो. आईचा हात ओढून नाकाशी धरला, तर तिथे गजरा. एकच कुपी, एकच दांडी, एकच गाडी.

गंमत म्हणजे रात्री दहाला गाद्या घालताना माझ्याच मनगटाला पुन्हा छान वास. मोगराच, पण शेजारच्या बाल्कनीतून आल्यासारखा.

सोमवारी ऑफिसला लावून गेले. तीच कथा. नौपाड्यातून निघताना मोगरा, ऐरोलीला उतरताना डांबरगोळी, दुपारनंतर परत मोगरा. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "ड्रेस आजच कपाटातून काढलास वाटतं."

आई म्हणते, "तुझं अंगच उष्ण." बाबा म्हणतात, दुकानदाराने फसवलं. मी म्हणते, एका कुपीतून फसवायचं तर दोघींना फसवायला हवं ना? तर जाणकारांनो, हे त्वचेमुळे, वेळेमुळे, की नुसता नाकाचा खेळ?

---

टवाळ_पोपट

मोगऱ्याच्या भावात डांबरगोळी मिळाली की डांबरगोळीच्या भावात मोगरा, एवढं आधी स्पष्ट करा. दिवे घ्या.

---

कोपरीचा_बंड्या

बाबांना +१. चारशेत तोळाभर खरा मोगरा कुणी देईल का? फसवलंय. विषय संपला.

---

वाळ्याचा_पडदा

विषय कसा संपेल, बंडोपंत, आत्ता तर सुरू झालाय.

चाफेकळी, तुम्ही दोन्ही मनगटं एकमेकांवर घासलीत का? सिनेमातल्या बायका करतात तसं? आमच्या घरी त्यावर धपाटा मिळायचा. अत्तर लावतात, चोळत नाहीत. हळदीकुंकवाला माझी आई अत्तरदाणी घेऊन बसायची. समोरचीने हात उपडा करून पुढे करायचा, आई काडीचं टोक पालथ्या हातावर नुसतं टेकवून ओढायची, रेघसुद्धा दिसायची नाही. त्या एवढ्याशा रेघेने बाई घरी जाईपर्यंत जिना दरवळायचा. वडिलांचा फाया कानाच्या वरच्या घडीत. थंडीत हिना, उन्हाळ्यात वाळा. वाळ्याचा फाया लावून ते दुपारी तलावपाळीवरून चालत आले की त्यांच्या आधी वास आत यायचा, असं आई म्हणायची. आता ते तळं तेवढं आहे.

तुमच्या डांबरगोळीबद्दल मात्र मला काही सांगता येणार नाही. मोगऱ्याचं अत्तर आमच्याकडे बायकांचं.

---

चाफेकळी

काका, घासलीत. चांगली घासलीत. आणि दांडीचं टोक नाही, तीन थेंब घेतले होते. पैसे दिलेत म्हटल्यावर हात आखडता का घ्या?

---

स्प्रेवाला

स्पष्ट बोलतो, राग नसावा. ही सगळी जुन्याची हौस आहे. स्प्रे मारा, आठ तास तोच वास, कटकट नाही. तेलकट डाग नाहीत, दांड्या नाहीत. आणि "माझ्या त्वचेवर बदलतं" हे प्रत्येकाला वाटतं. तो पीएचचा प्रकार आहे, नेटवर वाचा.

---

रबाळेकर

वरच्या एकेका वाक्याला उत्तर आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. बावीस वर्षं रबाळे एमआयडीसीत वास मिसळण्यात घालवली (कंपनी विचारू नका, सांगणार नाही).

मोगऱ्याचा वास हा एक पदार्थ नाही, मेळा आहे. त्यातल्या तिघांची ओळख करून घ्या. लिनालूल : ताजा, हलका, धण्याच्या तेलातही भरपूर असतो. बेंझाइल अ‍ॅसिटेट : गोड, फळासारखा, पिकल्या केळ्याच्या वळणाचा. आणि तिसरा इंडोल. हा चिमूटभर असला तर फूल जिवंत वाटतं, नसला तर मोगरा साबणासारखा सपाट. पण प्रमाण वाढलं की डांबरगोळी. त्याहूनही वाढलं की काय, ते कुणी जेवत असेल तर नको.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. साहेबांनी एक बाटली पुढे केली, आत पांढरट चकचकीत खवले. हुंगलं आणि डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, "हा मोगरा." मला वाटलं नव्या पोराची चेष्टा चाललीय. मग त्यांनी त्याचं अगदी पातळ द्रावण केलं, त्यात पट्टी बुडवली, पंख्याखाली दहा मिनिटं टांगली आणि माझ्या नाकासमोरून फिरवली. फूल! तेच खवले, प्रमाण वेगळं.

आता उकळबिंदू बघा. लिनालूल १९८ अंश सेल्सिअस, बेंझाइल अ‍ॅसिटेट २१२ च्या आसपास, इंडोल २५४. चंदनातलं सँटालॉल तर तीनशेच्या पलीकडे. अंगावर काही उकळत नाही हे खरं, पण दोरीवरचं धोतर वाळायला पाणी कुठे उकळावं लागतं? जो हलका तो आधी उठून जातो. दुकानात तिघेही हजर होते. गाडीत पहिले दोघे पांगले आणि इंडोल एकटा उघडा पडला, तेही तीन थेंबांचा. रात्रीपर्यंत तोही नाकाला झेपेल इतका उरला, म्हणून परत मोगरा. कुपीत काही बिघडलेलं नाही, तुम्ही फक्त मधल्या स्टेशनात हुंगलंत.

स्प्रेवाले, तुमच्यातही हेच होतं, फक्त तुम्हाला कळत नाही. अल्कोहोल ७८ अंशांचं, ते उडताना हलके वास एका फुंकरीत वर उडवून देतं. तो पहिल्या मिनिटाचा भपकारा म्हणजे निम्मा तमाशा. आठ तासांनी उरतो तो तळाचा कस्तुरी-लाकडाचा वास, आणि तोपर्यंत आपलं नाक त्याला इतकं सरावलेलं असतं की "तोच वास आहे" असं वाटतं.

पीएचबद्दल : बहुतेकांची त्वचा किंचित आम्लच असते, पाचच्या आसपास. माणसामाणसात तिथे थोडाफार फरक पडतो, पण मोगऱ्याची डांबरगोळी व्हावी एवढा प्रताप त्याच्या अंगी नाही. कातडी कोरडी की तेलकट, गरम की गार, खाली आधी काय लावलंय आणि किती थेंब, यांवर खूप जास्त अवलंबून.

---

टवाळ_पोपट

वाखुसा (वाचनखूण साठवली). आता कुणी जवळ बसून "काय सुगंध आहे" म्हणालं की मी विचारणार, कुठल्या स्टेशनात?

---

निशिगंधा_कळवा

रात्री उशाशी ठेवलेला गजरा सकाळी तपकिरी होतो ना, तेव्हा त्याला असाच काहीसा वास येतो. मला तो आवडतो. नवऱ्याला नाही. फेकून दे म्हणतो.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), रबाळेकर, माझा उलटा त्रास आहे. मला "व्हाइट मस्क" म्हणून विकतात त्याचा वासच येत नाही. एकदा दुकानात "अहो हे नुसतं तेल दिलंय" म्हणून मी आवाज चढवला. मागे उभा असलेला नवरा मला कोपराने ढोसतोय, "अगं घमघमाट सुटलाय, गप बस."

---

रबाळेकर

होतं तसं. कस्तुरीच्या वासाचे कृत्रिम रेणू आकाराने मोठे, आणि त्यातला एखादा ठरावीक रेणू काही नाकांना कळतच नाही. नाक बाकी सगळीकडे तल्लख असतं, तेवढ्यापुरतं बहिरं. आमच्याकडे म्हणूनच एकट्याच्या नाकावर माल पास करत नसत.

---

गणपुले_मास्तर

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अत्तराचा विषय निघाला की कुणीतरी "नूरजहानने गुलाबाचं अत्तर शोधलं" म्हणतंच, म्हणून आधीच बांध घालतो. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याचं श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिलंय. गुलाबपाणी करताना वर जमलेला तवंग तिने वेगळा काढला. लेकीने आईचं श्रेय खाल्लं नाही, आपण तिच्या वतीने खातोय.

---

कोपरीचा_बंड्या

मास्तर, कुणी म्हणालंच नव्हतं.

---

गणपुले_मास्तर

म्हणणार होतात.

---

मुंब्र्याची_सबा

चाफेकळीताई, पट्टीवर हुंगून घेतलंत तिथेच चुकलं. आमच्या अब्बांचा नियम : पट्टी दुकानदाराची, हात आपला. एका हाताला एकच अत्तर, दुसऱ्या हाताला दुसरं, तिसरं लावायचंच नाही. मग दुकानातून बाहेर पडायचं, चहा प्यायचा, खजूर-बिजूर घ्यायचे, तासाभराने हात हुंगायचा. मग परत जाऊन पैसे. जुने दुकानदार याला अजिबात रागवत नाहीत. "घेऊनच जा" म्हणून मागे लागणाऱ्याकडे मात्र मी थांबत नाही.

अब्बा जुम्म्याला ऊद लावतात, अगरूच्या लाकडाचं अत्तर. त्याचा पहिला अर्धा तास आम्ही पोरं लहानपणी नाक धरून पळायचो. ओल्या गोठ्यासारखा वास, वर थोडं औषध. नमाज पढून येईपर्यंत तोच असा मऊ होऊन यायचा की सगळी त्यांच्या मांडीवर चढायला भांडायची. घाईने हुंगणाऱ्याला ऊद कधी आवडणार नाही.

आणि बंड्याभाऊ, चारशेत फसवलं कसं? खऱ्याचा भाव वेगळा असतो हे दुकानदार स्वतःच सांगतो, विचारलं तर.

---

कोपरीचा_बंड्या

सांगतो? मग "असली चमेली, असली मोगरा" ओरडतात ते?

---

रबाळेकर

सबा बरोबर बोलल्या. हिशेब करून बघा. भारतीय चंदनाचं तेल किलोला लाखाच्या बऱ्याच वर. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडा पुढे. म्हणजे नुसतं चंदनतेलच तोळ्याला हजाराच्या वर गेलं, मोगरा अजून आलाच नाही. कनौजची जुनी रीत अशी : तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपून बंद, बांबूच्या चोंग्यातून वाफ पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात. भपक्यात चंदनतेल आधीपासून तयार. फुलांचा वास त्यात उतरतो आणि ते त्याला धरून ठेवतं. म्हणून खरं अत्तर वाळता वाळता हळूहळू चंदनाकडे जातं. चाफेकळीताई, तुमच्या हातावर रात्री चंदन आलं का?

---

चाफेकळी

नाही. मोगरा, आणि मग काहीच नाही.

---

रबाळेकर

मग तळाला चंदन नाही, डीईपी (डायइथाइल थॅलेट) नाही तर तसलंच काही बिनवासाचं पातळ तेल असणार. ते वाईट नाही, पण धरून ठेवायला खाली कुणी नाही.

---

वाळ्याचा_पडदा

हे मातीच्या अत्तराचं लक्षात आलं होतं, कारण आज कळलं. भावाने कनौजहून मिट्टी आणली होती, भाजलेल्या मातीच्या चकत्यांवरून उतरवलेली. लावली की पहिल्या सरीचा वास, वळवाचा, अंगणात उभं राहिल्यासारखा. अर्ध्या तासात पाऊस गेला आणि चंदन उरलं. मला वाटलं नाक म्हातारं झालं.

---

गणपुले_मास्तर

त्या पहिल्या सरीच्या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दिलं. आणि आपल्याकडे ते कुपीत भरून विकत होते हे त्यांनीही नोंदवलं होतं. बसतो गप.

---

अनुजा_वाशी

वाचनमात्र होते, पण एक सावधगिरीची सूचना करते. मोगऱ्याचं काही नाही, पण लिंबू-संत्र्याच्या वळणाची तेलं, विशेषतः बर्गमॉट, लावून उन्हात जाऊ नका. मी मानेच्या बाजूला लावून वाशी ते बेलापूर स्कूटरवरून गेले होते, मे महिना. वास वीस मिनिटांत उडाला. आठवड्याने मानेवर तपकिरी ओघळ उमटला, जिथे तेल ओघळलं होतं अगदी तिथेच. जायला कित्येक महिने लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बर्गमॉटच्या सालीत बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, ऊन लागलं की ते कातडी पोळवतं. ते काढून टाकलेलं तेलही मिळतं, पण सुट्या कुपीवर लिहिलेलं कुठे असतं? तेव्हापासून असलं काही लावायचंच तर ओढणीच्या टोकाला.

---

स्प्रेवाला

ओढणीला डाग?

---

अनुजा_वाशी

मानेपेक्षा बरा.

---

रबाळेकर

डागावरून आठवलं : मोगरा-चमेलीच्या तेलात मिथाइल अँथ्रानिलेट असतं, ते काही सुगंधी द्रव्यांशी जुळून पिवळं-केशरी होतं. पांढऱ्या सदऱ्याला लावू नका. धोब्याला शिव्या बसतात, त्याची काही चूक नसते.

---

चाफेकळी (पुढच्या रविवारी, दुपारी ३:५०)

प्रयोग केला! सबाताई आणि रबाळेकर साहेबांच्या नावाने.

सकाळी अंघोळ करून, पावडर, क्रीम काही न लावता बसले. उजव्या मनगटाला तीन थेंब, चोळून, पूर्वीसारखे. डाव्या मनगटाला दांडीचं टोक नुसतं टेकवून, काकांच्या आईसारखं. डाव्या कोपराच्या घडीत आधी बोटभर खोबरेल आणि त्यावर टोक. चौथं रुमालावर. मोबाइलवर गजर लावून दर पंधरा मिनिटांनी हुंगत होते. बाबा पेपरावरून बघत होते, बोलले काही नाहीत.

पंधरा मिनिटं : चारही मोगरा. पाऊण तास : उजवं मनगट डांबरगोळी, निर्विवाद. डावं मनगट, हलकासा ट्रंकेचा वास, पण "आहे का?" असं शोधावं लागतं. कोपर, गजरा! रुमाल, अजून दुकानातल्या पट्टीसारखाच. दोन तास : डावं मनगट संपलं. कोपर अजून चालू. उजवं आता कुठे फूल व्हायला लागलंय. रुमाल ढिम्म.

मग आठवलं, आई रोज सकाळी हातापायांना खोबरेल जिरवते. आणि त्या दिवशी दुकानात शिरायच्या आधी मी सॅनिटायझरने हात खसाखसा पुसले होते.

---

रबाळेकर

शाब्बास. तेलाच्या पातळ थरात वास मुरतो आणि सावकाश सुटतो, तीनही पाहुणे एकदम न उठता रेंगाळत जातात. रुमाल गार, त्याला अंगाची ऊब नाही. आणि सॅनिटायझरने तुमची कातडी कोरडी ठाक करून ठेवली होती.

---

मुंब्र्याची_सबा

खोबरेलचा स्वतःचा वास मध्ये येत नाही का? आम्ही बिनवासाचं व्हॅसलिन लावतो.

---

चाफेकळी

आता खरी गंमत ऐका. आईला डोळे मिटायला लावले आणि चारही जागा एकेक करून हुंगवल्या. उजवं मनगट, ऐन डांबरगोळीच्या वेळचं, तिच्या नाकाशी धरलं. म्हणाली, "मोगरा." डावं? "मोगरा." कोपर? "मोगरा, आणि तेल जास्त झालंय." म्हणजे तिला माझ्या हातावरही पहिल्या दिवसापासून मोगराच येत होता! मग त्या दिवशी गाडीत माझा हात हुंगून मान का डोलावलीस विचारलं. "तू एवढी कळवळून सांगत होतीस, म्हटलं असेल."

बाबांनाही हुंगवलं. त्यांना चारही ठिकाणी खोबरेलाचा वास आला. रुमालालासुद्धा.

---

निशिगंधा_कळवा

म्हणजे आईंचं नाक इंडोलला बहिरं?

---

रबाळेकर

बहिरं असेलच असं नाही. जन्मभर गजरे माळलेल्या बाईला तो वास मोगऱ्याचाच वाटणार, तो आहेच मोगऱ्याचा. तुमची ओळख आधी ट्रंकेशी झाली, त्यांची फुलाशी.

---

टवाळ_पोपट

आणि बाबांची खोबरेलाशी. सुखी कुटुंब.

---

वाळ्याचा_पडदा

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि उरलेली कुपी खिडकीत ठेवू नका, कपाटात ठेवा. डांबरगोळ्यांपासून लांब.

---

कोपरीचा_बंड्या

इतकं रामायण झालं, मूळ प्रश्न तसाच. दुकानदाराने फसवलं की नाही?

---

रबाळेकर

चारशे रुपयांत जेवढं देता येतं तेवढं दिलं. चांगलं मिसळलंय, उगाच साखर घातलेली नाही. मीही याहून फार वेगळं केलं नसतं.

---

चाफेकळी

हा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हणत होतो?"